माझा कोण, तुझा कोण : इंग्रजीतली नाती

मराठवाड्यात आईला माय म्हणतात. इंग्रजीतही 'माय' असा एक शब्द आहे. पण त्याचा अर्थ आई नव्हे. त्याचा अर्थ माझा, माझी, माझे. आईला इंग्रजीत 'मदर' म्हणतात. तेव्हा 'माझी माय' हे इंग्रजीत सांगायचे झाले, तर 'माय मदर' असे म्हणावे लागते. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या रात्रीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हंजे गुरुजी, माय दोनदा आली की!" आम्ही म्हटलं, तसंच धरा आजी, म्हणजे विसरायचं नाही.

आता कोणी विचारील, आम्ही शेतकरी माणसे. आत्ता कुठे मराठी वाचायला लागलो. आम्हाला इंग्रजी कशाला? विचारणे बरोबर आहे. सगळे इंग्रजी शिका असे आम्ही म्हणत नाही. पण नात्यांचे दहा-वीस शब्द आणि माझे-तुझे सांगणारे पाच-सहा शब्द प्रत्येकाला यायलाच हवेत. कारण हे शब्द आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहेत. आधार कार्डावर ते आहेत. बँकेच्या कागदावर आहेत. घाटीच्या दवाखान्यात आजाऱ्याला भरती करायला गेलात, तर 'तुम्ही पेशंटचे कोण?' हेच आधी विचारतात. दुसऱ्याने कागदावर आपले नाते चुकीचे लिहिले, आणि आपण खाली सही ठोकली, तर पुढचे हेलपाटे आपल्यालाच पडतात. तशी एक हकिगत पुढे सांगणार आहोत.

आधी माझे-तुझे पाहू.

मराठीत आपण म्हणतो, माझा बैल, माझी गाय, माझे वासरू. बैल पुरुष, म्हणून 'माझा'. गाय स्त्री, म्हणून 'माझी'. एक बैल असला तर 'माझा', दोन असले तर 'माझे'. गाई दोन झाल्या की 'माझ्या'. बैलाला काही केले, की 'माझ्या बैलाला'. एका 'माझा'ची किती रूपे झाली बघा! बाहेरच्या माणसाला मराठी शिकताना इथेच घाम फुटतो. आपण आईच्या मांडीवर शिकलो, म्हणून आपल्याला त्याचे काही वाटत नाही.

इंग्रजीत हा घोळ नाही. माझा, माझी, माझे, माझ्या या सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'माय'. बापाला 'फादर' म्हणतात. मुलगा 'सन', मुलगी 'डॉटर', भाऊ 'ब्रदर', बहीण 'सिस्टर', नवरा 'हजबंड', बायको 'वाइफ'. या प्रत्येकाच्या आधी 'माय' लावा. माय फादर, माय सन, माय डॉटर, माय वाइफ. 'माय' जरासुद्धा बदलत नाही. एक मुलगा असो की चार, 'माय' तो 'माय'च. मात्र 'सन'चे 'सन्स' होते, म्हणजे मुलगे. मोठ्या दुकानांच्या पाट्यांवर मालकाच्या नावापुढे 'अँड सन्स' लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. त्याचा अर्थ 'आणि मुलगे'. बाप आणि मुलगे मिळून दुकान चालवतात, असे ती पाटी सांगते. 'ब्रदर्स' लिहिलेले असेल तर ते भावाभावांचे दुकान समजावे. मुलींची नावे पाटीवर क्वचितच दिसतात. तेही बदलेल, आम्हाला आशा आहे.

तुझा, तुमचा आणि आदराने म्हणतो तो आपला, या तिन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे, 'युवर'. लहान पोराला विचारा किंवा कलेक्टरसाहेबांना विचारा, 'तुझे नाव' आणि 'आपले नाव' दोन्ही 'युवर नेम'. नेम म्हणजे नाव. साहेबाला 'युवर' म्हटले म्हणून त्याचा अपमान होत नाही. आदर दाखवायचा तो 'सर' किंवा 'मॅडम' म्हणून दाखवतात.

आमचा म्हणजे 'अवर'. इथे मात्र जपून चालावे लागते. आपल्याकडे माणूस एकटा असला तरी 'आमचा' म्हणतो. 'आमच्या वडिलांनी ही विहीर खणली' असे म्हणतो. बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. ती म्हणते, 'आमचे हे बाजाराला गेलेत.' पुरुषही बायकोला 'आमची मंडळी' म्हणतो. हे आपल्या बोलण्यातले सौजन्य आहे. पण तसेच उचलून इंग्रजीत 'अवर हजबंड' म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की दोघी-तिघी बायकांचा मिळून एक नवरा आहे! इंग्रजीत एकट्या माणसाने 'माय'च म्हणायचे. माय हजबंड, माय वाइफ, माय फादर. आम्ही मास्तर लोक स्वतःला उगाच 'आम्ही' म्हणत असतो. इंग्रजी बोलताना आम्हालाही 'माय'वर उतरावे लागते. घर, शेत, गाव ही सगळ्यांची. तिथे 'अवर' चालते. अवर हाऊस, अवर व्हिलेज. मराठीत 'आमचे गाव' म्हटले की ऐकणारा त्यात नसतो आणि 'आपले गाव' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. हा फरक इंग्रजीत नाही. दोन्ही 'अवर व्हिलेज'. इतका गोड भेद त्यांच्या भाषेत नसावा, याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते.

आता अवघड भाग. त्याचा आणि तिचा.

त्याचा, त्याची, त्याचे म्हणजे 'हिज'. तिचा, तिची, तिचे म्हणजे 'हर'. ऐकायला सोपे वाटते. पण आमच्या शहरात शिकली-सवरलेली माणसेही इथे चुकतात. 'त्याची बायको' याला 'हर वाइफ' म्हणतात. का? बायको स्त्री आहे, म्हणून त्यांना वाटते की 'हर' हवे. या चुकीचे मूळ आमच्या मते शहरातल्या हिंदी-उर्दू बोलण्यात आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचे राज्य होते. शाळा-कचेऱ्यांतून उर्दू चाले. बाजारात आजही घडीत मराठी, घडीत हिंदी असे बोलणे चालते. आता हिंदीत पाहा. 'उसकी बीवी'. यातला 'की' बीवीकडे पाहून आला. तो कोणाची बीवी, पुरुषाची का आणखी कोणाची, हे सांगत नाही. 'उसका बेटा' म्हटले, तर तो बेटा बाईचा का बाप्याचा, हे त्या शब्दावरून कळत नाही. इंग्रजीचे नेमके उलटे आहे. इंग्रजी मालकाकडे पाहते. नाते ज्याचे, तो पुरुष असेल तर 'हिज', ती स्त्री असेल तर 'हर'. मग पुढे मुलगा येवो, मुलगी येवो, गाय येवो की गाडी येवो.

आणि आपली मराठी? ती दोन्हीकडे पाहते. 'तिचा' हा शब्द घ्या. त्याचे दोन तुकडे करा, 'ति' आणि 'चा'. पहिला तुकडा सांगतो की मालकीण बाई आहे. दुसरा तुकडा सांगतो की पुढे येणारा पुरुष आहे. तिचा मुलगा. 'त्याची' घ्या. 'त्या' म्हणजे मालक पुरुष, 'ची' म्हणजे पुढे स्त्री. त्याची मुलगी. तेव्हा मराठी माणसाला इंग्रजी करताना एवढेच करायचे आहे. शब्दाचे डोके पाहावे, शेपूट सोडून द्यावे. डोके 'त्या' असेल तर 'हिज'. डोके 'ति' असेल तर 'हर'. त्याची बायको, हिज वाइफ. तिचा नवरा, हर हजबंड. त्याची आई, हिज मदर. तिचे वडील, हर फादर. मनात हिंदी आणू नका, मराठीच ठेवा, म्हणजे चूक होणार नाही. मराठीमुळे इंग्रजी बिघडते असे म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

जनावराचे किंवा वस्तूचे असेल तर 'इट्स' म्हणतात. गाईचे वासरू, इट्स काफ. पण घरच्या गाईला इंग्रज शेतकरीसुद्धा 'हर' म्हणतो. माया सगळीकडे सारखीच.

पुष्कळांचे असेल तर 'देअर'. त्यांचे घर, देअर हाऊस. इथे पुन्हा आपला आदर आड येतो. आपण वडिलांना 'तो' म्हणत नाही. 'माझे वडील आणि त्यांचे नाव' असे म्हणतो. बाप एकच, पण आदरासाठी 'त्यांचे'. त्याचे इंग्रजी 'देअर नेम' केले, तर समोरचा विचारील, वडील किती? इंग्रजीत एकट्या माणसाला आदरानेही अनेक करीत नाहीत. वडील असोत, गुरुजी असोत की राष्ट्रपती, पुरुष एक असेल तर 'हिज'. आजी, आत्याबाई, सरपंचबाई, कोणीही एक स्त्री असेल तर 'हर'. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांना वडिलांना 'हिज' म्हणायला महिनाभर जीभ रेटेना. त्यांना ते अरे-तुरे केल्यासारखे वाटे. पण त्यात अरे-तुरे मुळीच नाही.

नाव घेऊन नाते सांगायचे असले, तर मराठीत आपण नावाला 'चा-ची-चे' जोडतो. रामाची बायको. इंग्रजीत याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत नावाच्या शेवटी 'स' असा आवाज जोडतात. राम्स वाइफ. लिहिताना त्या 'स'च्या आधी, अक्षराच्या डोक्याशी, एक स्वल्पविराम टांगलेला असतो. तो दिसला की 'चा-ची-चे' समजा. ही तऱ्हा आपल्यासारखीच आहे. आधी राम, मग बायको. दुसरी तऱ्हा उलटी चालते. 'वाइफ ऑफ राम'. आधी बायको, मग राम. मध्ये 'ऑफ', म्हणजे 'चा-ची-चे'.

कधी कधी 'चा-ची-चे' लपूनही बसते. आमच्या शहरात पुरे पुष्कळ. बेगमपुरा म्हणजे बेगमेचा पुरा. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाचा. उस्मानपुरा म्हणजे उस्मानचा पुरा. आज त्या पुऱ्यात पीर बाजार आहे, तंत्रनिकेतन आहे, संत एकनाथ रंगमंदिर आहे, आणि नाना गावांची माणसे आहेत. पण नावात जुनी मालकी तशीच राहिली आहे.

ही दुसरी उलटी तऱ्हा नीट ध्यानात घ्या, कारण सरकारी कागदावर तीच येते. पुष्कळांच्या आधार कार्डावर पत्त्याच्या सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर, मग तिरकी रेघ, मग 'ओ' असे छापलेले असते. तो 'ओ' म्हणजे 'ऑफ'. आधीचे अक्षर 'एस' असेल तर 'सन ऑफ', म्हणजे अमक्याचा मुलगा. 'डी' असेल तर 'डॉटर ऑफ', अमक्याची मुलगी. 'डब्ल्यू' असेल तर 'वाइफ ऑफ', अमक्याची बायको. आणि 'सी' असेल तर 'केअर ऑफ'. यात नाते काहीच सांगितलेले नाही. पत्रावर आपण 'द्वारा' किंवा 'मार्फत' लिहितो, तसेच ते आहे.

हे काही आपल्याला नवीन नाही. जुने जमिनीचे कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना 'वल्द' आणि 'जौजे' हे शब्द माहीत असतील. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जौजे म्हणजे अमक्याची बायको. पुणे-साताऱ्याकडच्या जुन्या कागदांत 'बिन' आणि 'कोम' असे लिहीत. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. राज्य बदलले, कागदाची भाषा बदलली, पण तुम्ही कोणाचे कोण हा प्रश्न बदलला नाही. सातबारावर कोठे 'अ.पा.क.' दिसले, तर ते अज्ञान पालनकर्ता. मूल लहान आहे आणि त्याच्या वतीने आई किंवा दुसरे कोणी पाहते, असा त्याचा अर्थ. इंग्रजी कागदावर त्याच जागी 'गार्डियन' लिहितात. आणखी एक शब्द ओळखून ठेवा, 'लेट'. एसटी लेट झाली म्हणजे उशीर झाला. पण माणसाच्या नावाआधी 'लेट' लिहिले असेल, तर तो माणूस वारला आहे. आपण 'कैलासवासी' लिहितो, तेच. जिवंत माणसाच्या नावाआधी चुकून तो शब्द पडला, तर पगार-पेन्शन अडायला वेळ लागत नाही.

आता नात्यांच्या नावांकडे वळू. इथे एक गंमत आहे. मदर, फादर, ब्रदर हे शब्द आपल्याला परके वाटतात. पण ते आपले लांबचे भाऊबंद आहेत. संस्कृतात आई ती मातृ, बाप तो पितृ, भाऊ तो भ्रातृ, मुलगी ती दुहितृ. आता म्हणून पाहा. मातृ आणि मदर. भ्रातृ आणि ब्रदर. दुहितृ आणि डॉटर. फारसीत भावाला बिरादर म्हणतात. त्यावरून आलेला 'बिरादरी' हा शब्द आमच्या शहरात सगळ्यांच्या तोंडी आहे. नवरा वारलेली बाई ती आपली विधवा. इंग्रजीत तिला 'विडो' म्हणतात. तोही शब्द त्याच मुळाचा. कलकत्त्याला विल्यम जोन्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. संस्कृत शिकताना त्यांच्या हे ध्यानात आले. १७८६ साली त्यांनी एका भाषणात सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या असाव्यात. पुढे अनेक पंडितांनी त्याचा अभ्यास केला आणि इंग्रजी, फारसी, मराठी याही त्याच मोठ्या कुळातल्या ठरल्या. म्हणजे इंग्रजी ही आपली दूरची चुलत बहीणच म्हणायची.

पण कूळ एक असले तरी संसार निराळा. इंग्रजांची नाती थोडक्यात आटोपतात. आपल्याकडे बापाचा भाऊ तो चुलता, म्हणजे काका. आईचा भाऊ तो मामा. मावशीचा नवरा, आत्याचा नवरा हे आणखी निराळे. इंग्रजीत हे सगळे 'अंकल'. काकू, मामी, मावशी, आत्या या सगळ्या 'आंट'. आता सांगा, लग्नात मामाचा मान आणि काकाचा मान एक असतो का? चुलत, मामे, आते, मावस अशी भावंडे आपण निराळी ओळखतो, कारण आपल्या रीतीत त्याला अर्थ आहे. आपल्याकडे कित्येक घरांत मामाची मुलगी करतात, पण चुलत बहीण ती बहीणच. इंग्रजीत हे सगळे 'कझिन'. तो भाऊ का बहीण, एवढेसुद्धा त्या शब्दावरून कळत नाही. विदुषी इरावती कर्वे यांनी भारतातल्या नात्यांवर १९५३ साली इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला. भारतातल्या निरनिराळ्या भाषांतली नात्यांची नावे त्यात मांडली आहेत. ती पाहिली म्हणजे हे भांडार केवढे आहे ते कळते.

मग नेमके नाते सांगायचे असेल तर काय करायचे? वर सांगितलेला तो टांगलेला स्वल्पविराम इथे कामाला येतो. मामा म्हणजे 'माय मदर्स ब्रदर', माझ्या आईचा भाऊ. काका म्हणजे 'माय फादर्स ब्रदर'. आत्या म्हणजे 'माय फादर्स सिस्टर'. मावशी म्हणजे 'माय मदर्स सिस्टर'. इंग्रजीजवळ शब्द नसला तरी अशी वाट दाखवून घर सापडते. व्याही आणि विहीण यांना तर इंग्रजीत रोजच्या वापरातला शब्दच नाही. विहीणबाईंची ओळख करून द्यायची झाली, तर 'माय सन्स मदर-इन-लॉ' असे म्हणावे लागेल. म्हणजे माझ्या मुलाची सासू. एवढे ऐकून विहीणबाई रुसल्या नाहीत तर नशीब!

'इन-लॉ' म्हणजे काय ते सांगतो. लॉ म्हणजे कायदा. कायद्याने झालेले, म्हणजे लग्नामुळे झालेले नाते. सासू 'मदर-इन-लॉ', सासरा 'फादर-इन-लॉ', सून 'डॉटर-इन-लॉ', जावई 'सन-इन-लॉ'. दीर, मेहुणा आणि बहिणीचा नवरा म्हणजे आपले दाजी, हे तिघेही 'ब्रदर-इन-लॉ'. नणंद, वहिनी, मेहुणी या 'सिस्टर-इन-लॉ'. जाऊसुद्धा त्यातच घालतात. नणंद आणि जाऊ एका शब्दात कोंबणारी भाषा आपल्या बायकांना पटायची नाही. पण कागदावर तोच शब्द आहे. दिराला नुसते 'ब्रदर' लिहू नये. 'ब्रदर' म्हणजे एका आईबापाचा सख्खा भाऊ.

नातू तो 'ग्रँडसन', नात ती 'ग्रँडडॉटर'. आजोबा 'ग्रँडफादर', आजी 'ग्रँडमदर'. पुतण्या आणि भाचा दोघेही 'नेफ्यू'. पुतणी आणि भाची दोघीही 'नीस'. हा 'नेफ्यू' शब्द नीट पाठ करा.

कारण ती हकिगत याच शब्दाची आहे. आमच्या ओळखीच्या एक बाई होत्या. मूलबाळ नव्हते. दिराच्या मुलाला त्यांनी लहानाचे मोठे केले. आपल्यात पुतण्याला मुलगाच म्हणतात. त्यांनी बँकेत थोडी ठेव ठेवली. आपल्या मागे पैसे कोणी घ्यायचे त्याचे नाव आधी लिहून द्यावे लागते. त्या माणसाला 'नॉमिनी' म्हणतात. फॉर्म इंग्रजीत होता. भरून देणाऱ्याने विचारले, "हा तुमचा कोण?" बाई म्हणाल्या, "माझा मुलगा." त्याने 'सन' लिहिले. बाईंनी अंगठा उठवला. बाई गेल्या. मुलगा पैसे घ्यायला गेला, तर त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव दुसरेच. कागद म्हणतो 'सन', दाखला म्हणतो दुसऱ्या बाईचा मुलगा. मग हाच तो माणूस कशावरून? प्रतिज्ञापत्र आणा, साक्षीदार आणा, ग्रामपंचायतीचा दाखला आणा. सात-आठ महिने तो पोरगा मजुरी बुडवून चकरा मारीत होता. त्या माउलीच्या मायेत खोट नव्हती. तिच्या दृष्टीने तो मुलगाच होता. पण कागदाला 'नेफ्यू' हवा होता.

अशा फॉर्मवर आणखी एक घोटाळा होतो. 'रिलेशनशिप' असे लिहिलेले असते. म्हणजे नाते. पण कोणाकडून कोणाचे? बाप खातेदार आहे, मुलगा नॉमिनी आहे. मग तिथे 'फादर' लिहायचे का 'सन'? आम्ही वर्गात एक युक्ती शिकवतो. खाते ज्याचे, त्याने मनात म्हणायचे, 'नॉमिनी इज माय', आणि पुढे जो शब्द येईल तो लिहायचा. इज म्हणजे आहे. बाप म्हणेल, नॉमिनी इज माय सन. झाले, 'सन' लिहा. आईच्या खात्यावर सून नॉमिनी असेल, तर नॉमिनी इज माय डॉटर-इन-लॉ. नात्याची सुरुवात कोणापासून करायची ते 'माय' सांगतो. दवाखान्यात मात्र बहुधा उलटे विचारतात, तुम्ही पेशंटचे कोण? तिथे 'आय अॅम' म्हणजे 'मी आहे' असे म्हणून सुरुवात करा आणि पेशंट पाहा. पेशंट पुरुष असेल तर 'हिज', बाई असेल तर 'हर'. आय अॅम हिज वाइफ. आय अॅम हर सन. समोरच्याला मराठी येत असेल तर मराठीतच सांगा, त्यात कमीपणा नाही. पण त्याने कागदावर काय लिहिले, ते मात्र वाचून घ्या.

रेशन कार्डावरही कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले असते. २०१३ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याने, त्या कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या घरात रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री. तेव्हा तिथे नाती तिच्यापासून मोजायची. म्हातारबाबा हे तिचे 'हजबंड', कर्ता मुलगा तिचा 'सन', शाळेत जाणारी पोर तिची 'ग्रँडडॉटर'. आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ सालच्या मार्चमध्ये ठरवले, की सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग बापाचे नाव लिहावे. तेव्हा 'मदर्स नेम' हे दोन शब्द आता पुष्कळ ठिकाणी भेटतील. पहिल्या शब्दात तो टांगलेला स्वल्पविराम आहे का, ते पाहा. मदर्स नेम, म्हणजे आईचे नाव.

हे सगळे एका दिवसात येणार नाही. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून आहे. म्हणजे तुमच्या घरातल्या पहिली-दुसरीच्या नातवंडाला यातले बरेच शब्द येत असतील. त्याला जवळ बसवा. घरातल्या एकेका माणसाकडे बोट दाखवा आणि विचारा, हा माझा कोण? ही तुझी कोण? याची ती कोण? त्याने 'माय', 'युवर', 'हिज', 'हर' लावून सांगायचे आणि तुम्ही म्हणायचे. मग जागा बदला. तुम्ही सांगा आणि त्याला तपासू द्या. जिथे ते 'अंकल' म्हणेल तिथे थांबवा आणि विचारा, कोणता अंकल? काका की मामा? त्याला मराठीतले नाते नीट सांगता आले, तरच पुढे जा.

नंतर घरातले आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि रेशन कार्ड काढा. आधार कार्डावर तिरकी रेघ शोधा. तिच्या आधी कोणते अक्षर आहे आणि पुढे कोणाचे नाव आहे ते वाचा. नॉमिनीचे नाव आणि नाते कोठेच छापलेले दिसले नाही, तर पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा साहेबांना विचारून वाचून घ्या. जे नाते चुकले असेल ते एका कागदावर मराठीत लिहून ठेवा, आणि कचेरीत जाताना तो कागद बरोबर न्या.